प्रोजेक्ट विकत घेऊ नका, डीबगर चालवून दाखवा

सकाळच्या लोकलमधून भिवपुरी रोडला उतरून कॉलेज गाठणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी, आणि त्यांची फी भरणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. कर्जत, नेरळ, चौक, खोपोलीकडच्या मुलांनीही वाचावं. सांगायचं एवढंच आहे की शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दुकानातून आणू नका. चौघं मिळून एखादा डीबगर नव्या प्रोसेसरवर चालतो का ते बघा, आणि चालत नसेल तर तो तिथे चालता करा.

दुकानातल्या प्रोजेक्टबद्दल फार लिहीत नाही, कारण सगळ्यांना सगळं माहीत आहे. हजेरी, पार्किंग, लायब्ररी हेच विषय, काळ्या रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच प्रोजेक्ट त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात पाहिलेला असतो. तोंडी परीक्षेत ते ‘ही ओळ काय करते?’ एवढंच विचारतात आणि चौघं एकमेकांकडे बघतात. मार्क मिळतात, नाही असं नाही. पण वर्षभराने मुलाखतीत तोच प्रश्न आला की तिथे मार्क देणारं कुणी नसतं.

आता डीबगर म्हणजे काय, ते पालकांना कळेल अशा भाषेत सांगतो. प्रोग्राम चालताना मध्येच चुकतो. तो नेमका कुठे चुकला हे पाहायचं तर त्याला हव्या त्या जागी थांबवता आलं पाहिजे, थांबल्यावर प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये आणि मेमरीत काय आहे ते वाचता आलं पाहिजे, आणि तिथून पुढे एकेक सूचना चालवत नेता आलं पाहिजे. ही तीन कामं डीबगर करतो. साध्या प्रोग्रामच्या बाबतीत त्याला ऑपरेटिंग सिस्टिमची मदत मिळते. पण ऑपरेटिंग सिस्टिमच अडकली तर? पडदा गोठलेला, कीबोर्ड मेलेला. अशा वेळी दुसरा कॉम्प्युटर केबलने जोडायचा आणि त्याच्यावरून पहिल्याची तपासणी करायची. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या सोयीला केजीडीबी म्हणतात. तपासणाऱ्या बाजूला चालतो तो जीडीबी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला आणि आजही फुकट मिळणारा.

मग एकदा लिहिलेलं साधन सगळीकडे का चालत नाही? कर्जतच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लागतात. १९३० च्या सुमारापासून ऐंशीएक वर्षं घाटात १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. पुढे मध्य रेल्वेने तो २५ हजार व्होल्ट एसीवर नेला. चढ तोच, गाड्या त्याच, मागून ढकलण्याचं कामही तेच, पण डीसीवरचे जुने बँकर त्या तारेखाली चालेनात आणि एसीची इंजिनं आणावी लागली. डीबगरचंही तसंच आहे. थांबवणं, बघणं, पाऊल टाकणं हे काम बदलत नाही. खालचा प्रोसेसर बदलला की ते करण्याची रीत मात्र मुळापासून बदलते. ती नव्याने बसवून देणं म्हणजे पोर्ट करणं.

हे काम परदेशातल्या मोठ्या कंपन्यांचं, आपलं नाही, असं वाटत असेल तर लिनक्सच्या कर्नेलच्या, म्हणजे गाभ्याच्या, कोडमधली ‘डीबग कोअर’ ही फाईल उघडा. इंटरनेटवर ती कुणालाही वाचता येते. वरच्याच मजकुरात कॉपीराइटची यादी आहे आणि त्यात २००३-२००४ या वर्षांपुढे अमित एस. काळे हे नाव आहे. खाली २००४-२००६ पुढे लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज, म्हणजे पुण्याची कंपनी. केजीडीबी त्या काळात लिनक्सच्या मूळ कोडमध्ये नव्हताच. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं मत २००० सालीच जगजाहीर झालं होतं. त्यांना डीबगर आवडत नसत, माणसाने कोड वाचून, डोकं चालवून दोष शोधावा असं ते म्हणत. त्यामुळे केजीडीबी हा बाहेरून लावायचा पॅच होता. लिनक्सची नवी आवृत्ती आली की तो पुन्हा जुळवून घ्यायचा, आणि हे सांभाळण्याचं काम पुण्यातून होत होतं. त्याच यादीत टॉम रिनी, पावेल माचेक, माँटाव्हिस्टा, विंड रिव्हर अशी पुढची नावं येतात. शेवटी जुलै २००८ मध्ये लिनक्स २.६.२६ मध्ये केजीडीबी अधिकृतपणे दाखल झाला, तो विंड रिव्हरच्या जेसन वेसल यांनी घडवून आणलेल्या रूपात.

टोरवाल्ड्स यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. जुन्या, रुळलेल्या प्रोसेसरवर दोष बहुधा आपल्या कोडमध्येच असतो, आणि तो वाचून सापडतो. नवा प्रोसेसर हातात आला की दोष कोडमध्ये आहे, कंपायलरमध्ये आहे की सिलिकॉनमध्येच आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं. तिथे नुसत्या वाचनाने भागत नाही.

‘डीबग कोअर’च्या त्या यादीत खाली आणखी एक ओळ आहे, ती मुलांनी मुद्दाम बघावी: ग्लेन एंगल, लेक स्टीव्हन्स इन्स्ट्रुमेंट डिव्हिजन. हा अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्डचा मोजमापाची उपकरणं बनवणारा विभाग. एंगल यांनी मोटोरोलाच्या ६८००० प्रोसेसरसाठी एक छोटा स्टब लिहिला, म्हणजे तपासायच्या यंत्रावर बसून केबलवरून जीडीबीशी बोलणारा तुकडा, आणि कंपनीने तो सगळ्यांना वापरायला देऊन टाकला. पुढे तोच इतर प्रोसेसरवर नेला गेला आणि त्यातूनच लिनक्सचा केजीडीबी वाढला. एका प्रोसेसरवरचं काम दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, अशीच या साधनाची सगळी वाटचाल आहे. कुणीही पहिल्यापासून सुरुवात केलेली नाही, तुम्हालाही करावी लागणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. इथे जरा थांबून वाचा, कारण सगळी गंमत इथेच आहे.

प्रोग्राम थांबवायचा म्हणजे मेमरीतली मूळ सूचना काढून तिच्या जागी ‘थांब’ अशी सूचना ठेवायची. इंटेलच्या घराण्यात ही एकाच बाइटची असते. एआरएमच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरवर ती चार बाइटची. रिस्क-फाइव्ह या नव्या, खुल्या प्रोसेसर-घराण्यात ही सूचना, ‘ईब्रेक’, चार बाइटची आणि तिचं आखूड रूप दोन बाइटचं, त्यामुळे ज्या सूचनेच्या जागी ती ठेवायची ती केवढी आहे याकडे लक्ष द्यावं लागतं. दोन बाइटच्या सूचनेवर चार बाइट लिहिलेत की शेजारच्या सूचनेचं डोकं उडालं.

थांबल्यावर आपण नेमके कुठे आहोत याचं उत्तरही दर ठिकाणी वेगळं. इंटेलवर प्रोसेसर सांगतो तो पत्ता ‘थांब’च्या एक बाइट पुढचा असतो, म्हणून एक वजा करावा लागतो. रिस्क-फाइव्ह आणि एआरएम-६४ वर पत्ता ‘थांब’चाच असतो. तिथे इंटेलची सवय ठेवून वजाबाकी केलीत तर चुकीच्या जागी जाल. उलट, कोडमध्ये आपणच लिहून ठेवलेली ‘थांब’ असेल तर पुढे जाताना चार बाइट ओलांडून जावं लागतं. विसरलात तर यंत्र सुटतं, त्याच जागी परत थांबतं, परत सुटतं, परत थांबतं. रात्रभर चाललं तरी एक पाऊल पुढे नाही.

पाऊल टाकण्याची कथा आणखी वेगळी. इंटेलमध्ये एक बिट चालू केला की प्रोसेसर एक सूचना चालवून आपणहून थांबतो. रिस्क-फाइव्हमध्ये लिनक्सच्या हाती अशी सोय नाही. म्हणून केजीडीबीला पुढची सूचना स्वतः वाचावी लागते. ती उडी मारणारी असेल तर अट खरी ठरणार की खोटी हे रजिस्टर बघून ठरवावं लागतं, कुठे उतरणार तो पत्ता काढावा लागतो आणि तिथे तात्पुरती ‘थांब’ ठेवावी लागते. प्रोसेसर कशी उडी मारतो हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं. इथे ते स्वतः करून पाहावं लागतं, आणि चुकलं तर लगेच कळतं.

मग कॅश. तुम्ही मेमरीत ‘थांब’ लिहिलीत, पण प्रोसेसरने जुनी सूचना आधीच आपल्या इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये, म्हणजे जवळच्या छोट्या साठ्यात, उचलून ठेवली असेल तर तो तीच चालवणार. इंटेल हे आपलं आपण सांभाळतो. एआरएम आणि रिस्क-फाइव्हवर कॅश साफ करण्याचं काम तुमचं. यात एक फसगत आहे, ती आत्ताच सांगून ठेवतो. क्यूएमू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही खोटा प्रोसेसर उभा कराल, आणि तिथे कॅश साफ करायची विसरलात तरी सगळं बिनबोभाट चालेल, कारण क्यूएमूमध्ये ती कॅश खऱ्यासारखी नसतेच. खऱ्या बोर्डावर मात्र कधी थांबेल, कधी थांबणार नाही. म्हणून निदान एकदा तरी काम खऱ्या बोर्डावर चालवून दाखवल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका.

शेवटी दोन यंत्रांमधलं बोलणं. ते इतकं साधं आहे की पहिल्यांदा बघून हसू येतं. जीडीबीला सगळी रजिस्टरं हवी असतील तर तो केबलवरून डॉलरचं चिन्ह, लहान ‘जी’ हे अक्षर, हॅश आणि ६७ एवढंच पाठवतो. हे ६७ म्हणजे मजकुराची बेरीज, हेक्समध्ये. ‘जी’ अक्षराचा आस्की आकडा १०३, हेक्समध्ये ६७. समोरून उत्तर येतं ते ठरलेल्या क्रमाने. रिस्क-फाइव्हवर शून्यापासून एकतीसपर्यंतची ३२ रजिस्टरं आणि मग प्रोग्राम काउंटर. ६४ बिटांच्या इंटेलवर मात्र जीडीबीचा क्रम आणि प्रोसेसरचा स्वतःचा क्रम एक नाही. तिथे अदलाबदल झाली तर प्रोग्राम नीट चालतो, डीबगर नीट बोलतो आणि दाखवलेले आकडे सगळे खोटे असतात. डीबगरने खोटं सांगणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट दोष.

एवढं सगळं असून लिनक्समधली रिस्क-फाइव्हसाठीची केजीडीबीची फाईल सुमारे चारशे ओळींची आहे. २०२० मध्ये सायफाइव्ह कंपनीच्या व्हिन्सेंट चेन यांनी दिली. एआरएम-६४ ची कॅव्हियमच्या विजया कुमार के. यांनी २०१३ मध्ये लिहिली, २०१४ मध्ये लिनक्समध्ये आली. पण आली म्हणजे संपलं असं नसतं. त्या पोर्टमध्ये पाऊल टाकण्यात एक दोष राहून गेला होता. पहिलं पाऊल नीट पडायचं, दुसऱ्या पावलाला प्रोग्राम जागचा हलायचा नाही. एक बिट पहिल्या पावलानंतर प्रोसेसर स्वतः पुसून टाकत होता आणि तो पुन्हा कुणी लावत नव्हतं. लिनारोच्या सुमित गर्ग यांनी पाठवलेली मोजक्या ओळींची दुरुस्ती २०२३ मध्ये लिनक्समध्ये आली. मधली नऊ वर्षं हे कुणाच्या लक्षातच आलं नसेल असं मला वाटत नाही. वैतागून दुसरी वाट धरणारे पुष्कळ असतात. चार जण निवांत बसून हे नीट वापरून बघतील तर असे आणखी दोष सापडतील, आणि शेवटच्या वर्षाच्या चार मुलांना एवढा वेळ नक्की असतो.

आत्ताच का, असं विचाराल. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये रिस्क-फाइव्हसाठी डिजिटल इंडियाखाली स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. चेन्नईला आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर आहे, सरकारच्या सी-डॅक या संस्थेचा वेगा आहे, दोन्ही रिस्क-फाइव्हचे. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात, आणि प्रोसेसर बदलला की सगळं पुन्हा उभं करावं लागतं याचा त्यांच्याइतका अनुभव देशात थोड्यांना असेल. १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटरवर चालत होता, १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर. आता देशी प्रोसेसर आला असं पेपरात छापून येतं तेव्हा आनंद होतो, होऊ द्या. पण त्या प्रोसेसरवर काम करायला बसणारा पहिला माणूस आधी विचारतो की डीबगर चालतो का.

सुरुवात कशी करायची? खर्च जवळजवळ नाही. ८ जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप चालेल. त्यावर लिनक्स, क्यूएमू आणि जीडीबी-मल्टिआर्क टाका, सगळं फुकट आहे. आधी इंटेलवर केजीडीबी चालू करून बघा. कर्नेलमध्ये केजीडीबीटीएस नावाची स्वतःची चाचणी आहे, ती ‘थांब’ आणि ‘पाऊल’ दोन्ही तपासून सांगते. मग तीच चाचणी रिस्क-फाइव्हवर चालवा. दोन्ही फाईली शेजारी ठेवून वाचा, कुठे काय वेगळं आहे ते वहीत लिहा. मग मुद्दाम मोडा. पत्त्यात एक मिळवा, रजिस्टरांचा क्रम उलटा करा आणि काय होतं ते बघा. कर्नेल बांधायला जुन्या लॅपटॉपवर तासन्‌तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जाते, त्याचा हिशेब धरा. भिवपुरीच्या पॉवरहाऊसची वीज १९२२ पासून मुंबईला जाते आहे आणि आपण इथे इन्व्हर्टर शोधतो, पण तो विषय वेगळा.

लिनक्सचं कर्नेल जड वाटत असेल त्यांनी सी-डॅकच्या तेजस-३२ चा एरीज बोर्ड घ्यावा. त्याच्यात २५६ केबी मेमरी आहे, लिनक्स मावणार नाही, आणि ते बरंच आहे. त्याच्यावर एंगल यांच्यासारखा छोटा स्टब स्वतः लिहा: रजिस्टरं वाच, रजिस्टरांत लिही, मेमरी वाच, मेमरीत लिही, पुढे चल, एक पाऊल चल, का थांबलास ते सांग. एवढ्या सात गोष्टी जमल्या की जीडीबी त्या बोर्डाशी बोलू लागतो. चौघांनी सहा महिने नेटाने केलं तर होण्यासारखं काम आहे, आणि तोंडी परीक्षेत कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं तरी उत्तर देता येईल.

पालकांनी विचारायचा प्रश्न मला माहीत आहे. यात नोकरी आहे का? पॅकेजचे आकडे मी सांगणार नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. एवढं सांगतो की चिप, वाहनांचं इलेक्ट्रॉनिक्स, नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना हे येणारी माणसं लागतात आणि अशी माणसं कमी आहेत. मुलगी महिनाभर एकाच काळ्या पडद्यासमोर बसलेली दिसेल आणि दाखवण्यासारखं काही नसेल. तेव्हा ‘शेजारच्याचा प्रोजेक्ट झाला पण’ असं म्हणू नका. या कामात तीन आठवडे काहीच होत नाही आणि चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी सगळं होतं.

कॉलेजच्या सर-मॅडमनाही एक विनंती आहे. प्रयोगशाळेतले जुने डेस्कटॉप भंगारात काढण्याआधी त्यांची मागची बाजू बघा. नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असेल तर दोन यंत्रं बाजूला ठेवा. नल मोडेम केबल घेतली की केजीडीबीचा खराखुरा संच तयार झाला. आणि मार्क देताना चालतं का एवढंच पाहू नका, काय काय करून पाहिलं आणि ते का चाललं नाही याची वही पाहा. अशी वही दुकानात मिळत नाही.

विषय कुठून निवडायचा ते राहिलं. लिनक्सच्या कोडमध्ये ‘डॉक्युमेंटेशन’मध्ये ‘फीचर्स’ नावाचा फोल्डर आहे. त्यात ‘डीबग’ उघडा. केजीडीबी, केप्रोब्ज, यूप्रोब्ज अशी एकेका सोयीची छोटी फाईल आहे, प्रत्येकीत प्रोसेसरांचा तक्ता. काम झालं असेल तिथे ‘ओके’ लिहिलेलं असतं, राहिलं असेल तिथे ‘टूडू’. ‘टूडू’च्या ओळी मोजा, त्यातले कुठले प्रोसेसर क्यूएमूवर उभे राहतात ते बघा, आणि एक निवडा. निवडण्याआधी इंटरनेटवर शोधा की तेच काम दुसऱ्या कुणी पाठवून तपासणीत अडकलं आहे का. असेल तर त्या माणसाला लिहा की आम्ही चौघं चाचणी करून देतो. मेल साध्या मजकुरात लिहा, इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका.